पाळी हातात आहे, पण माणसं ऐकत नाहीत? दुरुस्तीचे सात टप्पे, याच क्रमाने

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चिंचोळीतलं मोठं युनिट असो, की पूर्व भागात घराला लागून घातलेले सहा-आठ माग, सुपरवायझरची तक्रार सगळीकडे सारखीच. समोर उभं राहिलं तर काम होतं, पाठ फिरली की ढिलं पडतं. सांगितलेलं एक, झालेलं भलतंच. चांगला विणकर न सांगता शेजारच्या कारखान्यात गेला.

यावर जी दुरुस्ती केली जाते ती बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी सगळ्यांना जमवून भाषण, मग भिंतीवर नवे नियम, मग दंड. महिन्याभरात नियमाचा कागद फाटतो आणि गाडी मूळपदावर येते. कारण साधं आहे. ज्याने उचल देतो म्हणून दिली नाही, त्याने लावलेला नियम कुणी मनावर घेत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्वतःच्या बोलण्याची नोंद, मग थकलेले शब्द (दिलेले पण न पाळलेले), मग सूचना, मग कामाचं वाटप, मग चुका, मग अधिकार, आणि बैठक सगळ्यात शेवटी. हा क्रम 15 ते 60 माणसांच्या पाळीला धरून दिला आहे. युनिफॉर्म शिवणाऱ्या गारमेंट युनिटलाही तो जसाच्या तसा लागू होतो. मागाच्या जागी मशीन आणि बीमच्या, म्हणजे उभं सुत गुंडाळलेल्या रुळाच्या, जागी कटिंगचा गठ्ठा समजा.

तयारी

खिशात मावेल अशी एक वही घ्या. मोबाइलवर नोंद करू नका. साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. शिवाय मागच्या तीन महिन्यांचं हजेरीपत्रक, उचलीची वही आणि सेकंड (दोष निघालेल्या) मालाची नोंद एका जागी आणा. सेकंड मालाची नोंद नसेल तर आजपासून सुरू करा: तारीख, माग नंबर, दोष, सुताचा लॉट. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, आणि पाचव्या टप्प्यात सगळं त्याच्यावरच अडतं.

"आता मी बदलणार आहे" असं कुणाला सांगू नका. मालकांनाही नाही.

1. चौदा दिवस फक्त नोंद

वहीत चार रकाने आखा: वेळ, कुणाला, मी काय बोललो, पुढे काय झालं. पहिले तीन जागच्या जागी भरायचे, चौथा पाळी सुटताना दहा मिनिटं बसून. सूचना, आश्वासन, रागावणं, शाबासकी, सगळं लिहा. "बघू", "करू काहीतरी", "शेठशी बोलतो" हेही लिहा. समोरचा माणूस ते वचन म्हणूनच घरी घेऊन जातो.

माणसांबद्दलचं मत लिहू नका. "आळशी आहे" ही नोंद उपयोगाची नाही. "पाळी 7 ची, 7:25 ला आला, या आठवड्यात दुसऱ्यांदा" ही उपयोगाची. अशा नोंदी हजेरीपत्रकाशेजारी ठेवल्या की कारण बऱ्याचदा आपोआप दिसतं. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, त्या भागातली माणसं पाण्याच्या दिवशीच उशिरा येतात. तो उशीर रागावून जात नाही. त्या दिवशी पाळी अर्धा तास मागेपुढे करून घेतली तर जातो.

सावधान: ही वही चुगलीची आहे असा समज झाला तर पुढचे सगळे टप्पे बुडाले. कुणी विचारलं तर उघडून दाखवा. त्यात तुमचीच वाक्यं आहेत.

तपासा: चौदाव्या दिवशी तीन आकडे काढा. किती सूचना दोनदा द्याव्या लागल्या? किती शब्द दिले आणि त्यातले किती पुरे झाले? दिवसभरात ज्यांच्याशी बोललात त्यात तीच ती नावं किती? तिसरा आकडा लाजिरवाणा निघतो. वीस माणसांच्या पाळीत सुपरवायझर रोज चार-पाच जणांशीच बोलत असतो आणि त्याला वाटत असतं की सगळ्यांशी बोलणं होतंय.

2. थकलेले शब्द चुकते करा

हा टप्पा गाळूनच बहुतेक जण पुढे जातात. कृपा करून गाळू नका.

वहीतले आणि आठवणीतले, गेल्या वर्षभरातले सगळे राहिलेले शब्द एका कागदावर काढा. पंखा बसवतो, संडासाची कडी दुरुस्त करतो, उचल वाढवून देतो, दिवाळीनंतर दर वाढवतो, मुलाला कांडी खात्यात (सुताच्या कांड्या भरतात तिथे) लावतो. आठवत नसतील तर ज्यांना दिले त्यांना पक्के आठवतात. जुन्या दोघा-तिघांना सरळ विचारा, "मामा, माझ्याकडून तुमचं काय राहिलंय?"

आता तीन भाग करा. पहिला, तुमच्या हातात असलेल्या गोष्टी. कडी, बल्ब, पिण्याच्या पाण्याचा माठ, एखाद्या मागाची रेंगाळलेली दुरुस्ती. या तीन दिवसांत संपवायच्या, आणि संपवताना काही बोलायचं नाही. दुसरा भाग मालकांच्या हातातल्या गोष्टींचा. त्यांची यादी घेऊन एकदाच बसा आणि प्रत्येकीपुढे "हो", "नाही" किंवा एक तारीख लिहून घ्या. तिसरा भाग, जे होणारच नाही.

या तिसऱ्या भागाला सगळे टाळतात, आणि विश्वास तिथेच सर्वात जास्त जमतो. एकेकाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा: "अण्णा, मुलाला कांडी खात्यात घेतो म्हणालो होतो. जागा नाही, या वर्षी होणार नाही. तुम्ही माझ्यावर थांबू नका, दुसरीकडे बघा. जागा निघाली तर मी स्वतः सांगेन." अण्णा त्या दिवशी नाराज होतील. पण सहा महिने लटकत ठेवलेल्या माणसाची नाराजी याहून खोल असते, आणि ती मागावर दिसते.

पुढे कोणताही शब्द तारखेशिवाय द्यायचा नाही. "शेठशी बोलतो" असं तोंडातून निघालं तर त्याच दमात "आणि गुरुवारी तुम्हाला सांगतो" हेही निघालं पाहिजे. गुरुवारी उत्तर मिळालं नसेल तरी गुरुवारी जाऊन सांगायचं, "अजून उत्तर नाही, सोमवारी सांगतो." ठरलेल्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, हेच मोजलं जातं.

रजांचं वेगळं बघा, कारण सोलापुरात पाळ्या तिथेच मोडतात. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, आषाढी, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, रमजान ईद. या दिवसांत कोण मागणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, तरी निर्णय आदल्या दिवशी होतो. गड्ड्यासाठी 10 डिसेंबरपर्यंत नावं घ्या, 20 डिसेंबरला यादी लावा. एका दिवशी किती जण सुटू शकतात हा आकडा नावं घेण्याआधी जाहीर करा. दहा विणकरांच्या पाळीत तो दोनच्या वर सहसा जात नाही. मागच्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याचा नंबर पहिला. जवळच्या माणसाला मागच्या दाराने तिसरी रजा दिलीत तर ही यादी पुढच्या वर्षी लावूच नका, कुणी वाचणार नाही.

सावधान: मालकाच्या पैशाचा शब्द मालकांना न विचारता कधीही देऊ नका. उचल असो, बोनस असो. तिथे तुम्ही खोटे पडता आणि मालक वाईट ठरतात.

3. सूचना अशी द्या की ती एकच अर्थाने ऐकू येईल

धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज सहज 90 डेसिबलच्या वर असतो. तिथे ओरडून सांगितलेली सूचना निम्मी ऐकू जाते आणि समोरचा मान पूर्ण हलवतो. ही मान म्हणजे "ऐकलं" नव्हे, "आता जा" असा तिचा अर्थ असतो. साधी थांबा-चालू करा एवढी खूण सोडली तर कोणतीही सूचना शेडच्या दाराबाहेर येऊन द्या.

सूचनेत पाच गोष्टी हव्यात: कोण, काय, किती, कधी, आणि बिघडलं तर काय. यातली पाचवी जवळजवळ नेहमीच राहते. एक उदाहरण पाहा. 75 बाय 150 सेंटीमीटरचा, 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम) टॉवेल घेतला तर क्षेत्रफळ 1.125 चौरस मीटर, म्हणजे तयार वजन साधारण 506 ग्रॅम. सुपरवायझर म्हणतो, "वजनाकडे जरा लक्ष ठेवा." यात कुणी, कधी, किती वेळा मोजायचं आणि किती फरक चालेल, काहीच नाही. आठ दिवसांनी गठ्ठा वजनात कमी भरतो आणि तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

तीच सूचना अशी द्या: "लक्ष्मीअक्का, प्रत्येक मागावरून ताका उतरला की त्यातला एक टॉवेल काट्यावर ठेवायचा. 496 ते 516 ग्रॅममध्ये असेल तर वहीत लिहून पुढे. बाहेर असेल तर तो माग थांबवायला सांगायचा आणि जॉबरला हाक मारायची. मला विचारायची गरज नाही." जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आता पाईल बीमचा (टॉवेलवरच्या लूपचं सुत देणाऱ्या रुळाचा) ताण सैल झाला आहे का घट्ट, हे पहिल्याच ताक्याला कळतं. हे वजन तयार मालाचं आहे. धुलाई होणार असेल तर मागावरून उतरलेल्या मालाचं वजन किती हवं, हे आधी तुमच्या धुलाईतली घट मोजून ठरवा.

मग खात्री करायची. "कळलं का?" असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी "हो" असतं. "सुरुवात कुठून करणार?" किंवा "516 च्या वर 520 आलं तर काय करणार?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. एकाच पाळीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि हिंदी बोलणारी माणसं असतात, त्यामुळे हे जास्तच गरजेचं. समजत नाही म्हणून सांगायला संकोच वाटतो. आकडे आणि मर्यादा काट्याशेजारी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिल्या की भाषेची अडचण निम्मी संपते.

दोन तोंडांची सूचना हा या टप्प्यातला सर्वात महागडा दोष आहे. मालक शेडमध्ये येतात, विणकराला थेट सांगतात, "हा माल आधी काढ." सुपरवायझरने सकाळी दुसराच सांगितलेला असतो. विणकर मालकाचं ऐकतो, कारण पगार तेच देतात, आणि त्या क्षणापासून सुपरवायझरचा शब्द हलका होतो. मालकहो, हे वाचत असाल तर एकच नियम पाळा: धोका दिसला तर कुणालाही थांबवा, बाकी सगळं सुपरवायझरमार्फत. सुपरवायझरचं तुम्हाला पटत नसेल तर माणसांसमोर नाही, त्याला बाहेर नेऊन सांगा.

तपासा: आठवड्याने वही उघडा. दोनदा द्याव्या लागलेल्या सूचना निम्म्यावर आल्या नसतील तर पुढे जाऊ नका.

4. वाटप उघड्यावर आणा

तुकड्यावर मजुरी असते तिथे चांगला बीम आणि चांगला माग म्हणजे रोख पैसे. एकाच हुशारीचे दोन विणकर, एकाला सुत तुटणारा बीम आणि दुसऱ्याला गुळगुळीत चालणारा, तर आठवड्याच्या पगारात फरक पडतो आणि तो सगळ्यांना दिसतो. "साहेबांचा माणूस" हा शब्द इथेच जन्मतो, बहुतेक वेळा साहेबांना पत्ताही नसताना.

बीम वाटपाची वही शेडच्या दाराशी टांगा: तारीख, बीम नंबर, सुताचा लॉट, माग, विणकर. अवघड बीम फिरत्या क्रमाने द्या. क्रम मोडायची वेळ येतेच, कधी अर्जंट ऑर्डर अनुभवी हातात द्यावी लागते. त्या वेळी कारण त्याच ओळीत लिहा. जुना, नवीन, नात्यातला, गावाकडचा, सगळ्यांना एकच वही.

5. चूक सांगण्याआधी चूक कुणाची ते शोधा

सेकंड माल निघाला की पहिला शब्द विणकराला बसतो. थांबा आणि तयारीत सांगितलेली नोंद उघडा. तोच दोष त्याच लॉटच्या तीन मागांवर दिसत असेल तर दोष सुतात किंवा सायझिंगमध्ये (सुताला खळ देण्यात) आहे. एकाच मागावर, विणकर बदलला तरी दिसत असेल तर तो मागात आहे, जॉबरकडे जा. एकाच माणसाबरोबर मागामागून जात असेल, तरच त्या माणसाशी बोला. आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी सुत जास्त तुटतं ते हवा कोरडी पडते म्हणून. कोरड्या हवेत सुती धागा कमजोर होतो. शेडमधला ओलावा न बघता दुपारच्या पाळीला बोल लावणं हा अन्याय आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो दरवर्षी होतो.

बोलायचं ठरलं तर त्याच पाळीत, पण चारचौघांत नाही. आधी जे दिसलं ते सांगा, मग विचारा, मग ठरवा. "काल माग नंबर 6 वर चार टॉवेलांची कड सुटली. काय झालं?" एवढं बोलून गप्प राहा. हे गप्प राहणं जमत नाही, आणि न जमल्यामुळे खरं कारण बाहेर येत नाही. उत्तर ऐकून झाल्यावर पुढे काय करायचं ते दोघांनी ठरवा. जुन्या चुका उकरू नका. "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य निघालं की माणूस ऐकणं थांबवतो.

सावधान: जागेवर दंड लावायची सवय बेकायदा आहे. वेतन संहिता, 2019 प्रमाणे कोणत्या चुकांना दंड हे आधी जाहीर केलेलं असावं लागतं. कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. एका वेतनकाळातला एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही, तो हप्त्यांनी कापता येत नाही आणि 90 दिवसांनंतर वसूल करता येत नाही. "चार टॉवेल खराब, चारशे रुपये कापले" हा प्रकार यात बसत नाही.

दोन गोष्टी तुम्ही मिटवायच्या नाहीतच. अपघात झाला तर आधी उपचार, मग लगेच मालकांना कळवणं आणि नोंद. आणि एखाद्या बाईने कुणाच्या वागण्याबद्दल लैंगिक त्रासाची तक्रार केली तर "समजावून सांगतो, सोडून द्या" असं म्हणायचा अधिकार सुपरवायझरला नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्याकडे लेखी तक्रार जाऊ द्या. त्यात मदत करा, तडजोड करू नका.

6. काम सोपवा, हद्द ठरवून

"सगळं मलाच बघावं लागतं" म्हणणाऱ्याने अधिकार सोपवलेले नसतात, फक्त काम सोपवलेलं असतं. हद्द तीन प्रकारे आखा. काही गोष्टी त्यांनी कराव्यात आणि सांगायचीही गरज नाही: माग थांबवणं, तुटलेलं पिकर (धोट्याला ठोका देणारा भाग) बदलणं. काही कराव्यात आणि पाळी सुटताना सांगाव्यात: 500 रुपयांपर्यंतचा सुटा भाग आणणं. काही विचारूनच: ऑर्डरचा क्रम बदलणं. प्रत्येक खात्याला, जॉबर, वार्पर (बीमवर सुत गुंडाळणारा), चेकिंग, ही यादी लिहून द्या.

मग पहिला चुकीचा निर्णय होईल. तो हद्दीत असेल तर निभावून न्या. त्या दिवशी अधिकार परत घेतलात तर पुन्हा कुणी घेणार नाही.

7. शेवटी बैठक, आणि एक दिवस गैरहजर

आता माणसं जमवा. दाराबाहेर, उभ्याने, पाळी बदलताना, दहा मिनिटं. दोन्ही पाळ्यांची माणसं असतील तर उत्तम. काल काय अडलं, आज काय अडेल, कुणाला काय हवं. तुम्ही शेवटी बोला. आधी बोललात तर बाकीचे तुमचंच वाक्य पुन्हा म्हणतील.

वाईट बातमी आणणाऱ्याला पहिल्या मिनिटात जे मिळतं त्यावर पुढच्या बातम्या ठरतात. जॉबर म्हणाला, "साहेब, रंग चुकला, दोन बीम गेले", तर तोंडातून आधी "कधी कळलं? पुढचा बीम थांबवला का?" निघू द्या. चौकशी नंतर. पहिल्यांदा आरडाओरडा केलात तर पुढच्या वेळी चुकलेला माल गठ्ठ्याच्या मधोमध बांधून पाठवला जाईल आणि तुम्हाला ते गिऱ्हाईकाच्या फोनवरून कळेल.

महिना झाला की एक पूर्ण पाळी येऊ नका. फोन चालू ठेवा, पण स्वतःहून करू नका. दुसऱ्या दिवशी आलेले फोन मोजा. जे काम हद्दीत असून विचारलं गेलं, त्याची हद्द नीट कळलेली नाही, सहावा टप्पा त्या खात्यापुरता पुन्हा करा. जे विचारायला हवं होतं आणि परस्पर केलं गेलं, तिथे तिसरा टप्पा कच्चा आहे. फोन एकही आला नाही आणि सेकंडच्या वहीतही त्या दिवसाची ओळ कोरी असेल, तर खूश होण्याआधी त्या दिवसाचा माल स्वतः उलगडून बघा.